माळ पूर्ण होईपर्यंत

४ मार्च, मंगळवार

फिलो आली. दुपारच्या एसटीनं. हातात पिशवी नाही, पायात चप्पल नाही. मी मिशनच्या दवाखान्यातून जेवायला घरी आलो तर ओट्यावर बसलेली. हाक मारली तर बघेना. दुसऱ्यांदा ओरडलो तेव्हा वळली. डाव्या कानातून मानेपर्यंत रक्ताचा ओघळ वाळलेला.

"या बाजूनं आयकू येत नाही रे दादा."

नवऱ्यानं मारलं. रविवारी फोन कोणाचा आला म्हणून. फोन माझा होता. राखेच्या बुधवारी चर्चमध्ये मिस्सेला येतेस का, एवढंच विचारलं होतं मी.

थोड्या वेळानं म्हणाली, "पोटात लाथ बी मारली." तिसरा महिना आहे तिला.

त्या माणसाचं नाव या वहीत लिहिणार नाही. वि. पुरे झालं.

५ मार्च, राखेचा बुधवार

पहाटे फिलोला रक्त जायला लागलं. दवाखान्यात नेली. सिस्टर लिली आत होत्या तासभर. बाहेर आल्या, हात धुतले, फक्त मान हलवली. मूल गेलं.

एकोणीस वर्षं ड्रेसर आहे मी इथं. कुऱ्हाडीचे घाव, रानडुकराने फाडलेल्या मांड्या, दारू पिऊन एकमेकांची डोकी फोडणारे भाऊ, सगळं धुतलं, बांधलं.  आज तिची चादर धुवायला घेतली आणि तशीच बादलीत सोडून बाहेर आलो.

सकाळच्या मिस्सेत फादरनी कपाळाला राख लावली. तशीच ठेवून मोटारसायकल काढली. झरीकडचा रस्ता, पाऊण तास. वि. अंगणात खाटेवर पडला होता, अनवाणी, शेजारी फोडायची लाकडं आणि कुऱ्हाड. मला बघून हसला.

"या साळेबुवा. बहीण आनली काय वापस?"

मी म्हटलं, मूल गेलं.

तो म्हणाला, "दुसरं होईन."

कुऱ्हाड त्याचीच होती. तो उठला, मला लाथ घालायला उजवा पाय उचलला. मी दोन हातांनी घाव घातला, पायाच्या पंजावर. मला जिथं मारायचं होतं तिथंच लागला. हाडावर बसल्याचा आवाज लाकडासारखा कोरडा नसतो.

एकच घाव. दुसरा का नाही घातला ते माहीत नाही. देवानं हात धरला असं लिहिलं तर खोटं होईल. तो इतका किंचाळला की मला पुरे वाटलं.

६ मार्च, गुरुवार

याच पायांवर सहा वर्षांपूर्वी मी पाणी घातलं होतं. आमच्याकडे लग्नाच्या दिवशी चर्चमध्ये जायच्या आधी नवरीचा भाऊ जावयाचे पाय धुतो. बापजाद्यांनी धर्म बदलला, पण ही रीत ठेवली. पितळेची परात, दूध घातलेलं पाणी, नवा टॉवेल. बोटांच्या बेचक्या पुसल्या होत्या मी. पाहुणे हसत होते, जेकब अगदी ड्रेसिंग करून राह्यला म्हणून.

फिलोला सांगितलं नाही. कोणालाच नाही. पोलीस आले नाहीत. दिवसभर दारात गाडी थांबली की उठून खिडकीतून बघत होतो.

राख आंघोळीत गेली.

९ मार्च, रविवार

मिस्सेला गेलो, ख्रिस्तप्रसाद घेतला नाही. रांगेत शेवटी उभा राहिलो आणि मागच्या दारानं बाहेर. पापस्वीकार करायचा तर पश्चात्ताप पाहिजे. माझ्याकडे तो नाही. फादरसमोर गुडघे टेकून काय सांगू, की मारलं आणि चांगलं वाटलं?

फिलो आता सिस्टरांच्या स्वयंपाकघरात मदत करते. उजवा कान पुढं करून ऐकते.

१५ मार्च, शनिवार

वि. आला.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून गावातल्या दोघांनी आणला. दहा दिवस घरी हळद भरून फडकं बांधून बसला होता. शुगर आहे त्याला, ते कोणाला माहीतच नव्हतं. फडकं सोडलं तर वासानं सिस्टरांनीही तोंड वळवलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं.

सिस्टर लिलींनी विचारलं, "हे कसं झालं?"

वि.नं माझ्याकडे बघितलं. सावकाश म्हणाला, "लाकडं फोडताना, सिस्टर."

इथून लगेच यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पाठवला. गाडीत घालताना माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "फिलोले पाठोव. मी तोंड नाही उघडत."

२२ मार्च, शनिवार

दोन बोटं काढून परत पाठवला. रोज ड्रेसिंग करा, पाय वाचेल असं वाटतं, नाहीतर घोट्यापासून जाईल, असं कागदावर लिहिलंय. खाट नंबर तीन. ड्रेसिंग करणार कोण? मी. या दवाखान्यात दुसरा ड्रेसर नाही.

आमची पद्धत इथं लिहून ठेवतो. जखमेवरचा गॉज दुसऱ्या दिवशी सुकतो आणि मांसाला चिकटतो. त्यावर सलाईन ओतायचं आणि थांबायचं. भिजला की आपोआप सुटून येतो, दुखत नाही. किती वेळ थांबायचं? सिस्टर लिलींनी मला पहिल्या दिवशीच शिकवलं होतं: घड्याळ बघू नको, जपमाळेची एक माळ म्हण. पाच रहस्यं, म्हणजे माळेचे पाचही भाग, पूर्ण होईपर्यंत गॉज सुटतो. एकोणीस वर्षं तसंच केलं. पेशंटांनाही सवय झालीय. बौद्ध असो, हिंदू असो, गोंड असो, माझे ओठ हलायला लागले की निवांत पडून राहतात.

आज सलाईन ओतलं. माळ सुरू केली. पहिल्याच 'आमच्या बापा' या प्रार्थनेत, आमच्या अपराध्यांना क्षमा करण्याच्या ओळीशी अडकलो. पुढं जाता येईना. पुन्हा सुरुवातीपासून. पुन्हा तिथंच.

मग चिमट्यानं टोक धरलं आणि कोरडाच ओढला.

२३ मार्च, रविवार

काल जे केलं ते नीट लिहितो. गॉजबरोबर मांसाचा पापुद्रा आला. रक्त आलं. वि.नं खाटेचा लोखंडी गज धरला आणि असा ओरडला की बाहेर रांगेतली बाई उठून उभी राहिली. मला बरं वाटलं. अंगात थंड पाणी गेल्यासारखं.

आज पुन्हा. आज सलाईन ओतलंही नाही.

सिस्टर लिलींनी पलीकडून विचारलं, "जेकब, भिजवलं ना?"

"हो सिस्टर."

वि. घामानं भिजलेला. दातावर दात ठेवून म्हणाला, "कर किती करतं ते. फिलोले पाठोव."

२६ मार्च, बुधवार

पाच दिवस झाले, रोज कोरडा. मुद्दाम एका दमात नाही, थोडा थोडा ओढतो. हे मी करतो आहे. ज्याला लोक म्हणतात जेकबभाऊचा हात हलका आहे.

जखम भरत नाही. कशी भरेल? रोज नवं मांस येतं आणि रोज मी ते उपटतो.

२८ मार्च, शुक्रवार

फिलो ड्रेसिंगच्या वेळी दारात येऊन उभी राहिली. चहाचा ट्रे हातात. वि. ओरडत होता. ती गेली नाही. मी गॉज बादलीत टाकला तेव्हा म्हणाली, "मी बी असीच वरडत व्हती."

वि.नं तिच्याकडे बघून हात जोडले. ती ट्रे ठेवून गेली.

घरी आल्यावर माझ्यासमोर बसली. उजवा कान माझ्याकडे.

"लाकडं फोडताना लागलं म्हनते तो. तूच मारलं ना?"

मी मान डोलावली.

"कायले मारलं?"

"तुझ्यासाठी."

"मले विचारलं व्हतं?" ओरडली ती, पहिल्यांदाच ओरडली इथं आल्यापासून. "मी तुह्याकडे निजाले जागा मागतली व्हती दादा. कुऱ्हाड मागतली व्हती काय? त्यानं मारलं त्याच्या रागापायी. तूनं मारलं तुह्या रागापायी. मी दोघांच्या मधात."

ताट तसंच राहिलं. मीही जेवलो नाही.

२ एप्रिल, बुधवार

आज जे केलं त्यापेक्षा कुऱ्हाड बरी होती.

सकाळी वि. म्हणाला, "सोमवारपर्यंत पाहतो. मंग ठान्यात नाव देतो तुहं." दिवसभर डोक्यात तेच. नोकरी जाईल, खटला चालेल, मिशनचं नाव खराब होईल. संध्याकाळी भाजी निवडता निवडता फिलोला म्हणालो, "तो बरा होऊन घरी गेला की दोन-चार दिवस जाऊन ये ना. काही बोलणार नाही तो आता. पाय नाही धड."

 ती भाजी निवडायची थांबली नाही.

मग म्हणाली, "तो हातानं बी मारते, दादा."

मी उठून बाहेर गेलो आणि गोठ्याच्या खांबावर मूठ मारली. दोनदा. बोटांची कातडी सोलली. एवढीच अक्कल मला. राग आला की मारायचं. आधी त्याला, मग खांबाला. आणि भीती वाटली की बहीण विकायची.

३ एप्रिल, गुरुवार

सूज आलेली मूठ. चिमटा धरता येईना. सिस्टर लिली म्हणाल्या, आज मी करते.

त्यांचं वय पासष्ट, गुडघे गेलेले. स्टूल नको म्हणाल्या, खाटेशी खाली जमिनीवरच बसल्या. सलाईन ओतलं. एक हात वि.च्या टाचेखाली ठेवला, दुसऱ्या हातात माळ. पूर्ण माळ होईपर्यंत तो सडका पाय तळहातावर तोलून बसल्या.  गॉज उचलला तर पान गळावं तसा आला. वि. डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होता, आणि त्याच्या डोळ्यातून पाणी कानात जात होतं.

उठताना मला हात मागितला. गुडघे कटकट वाजले.

"सिस्टर, मी रोज कोरडा ओढत होतो."

"मला माहीत आहे. रोज बादलीत कोरडा गॉज बघते मी."

"मग बोलल्या का नाही?"

"बोलायला पाहिजे होतं. मला वाटलं तू थांबशील. त्याचे हे सगळे दिवस माझ्यापण हिशोबात." मग म्हणाल्या, "जेकब, आपण जखम भरत नाही. कधी भरलीय आपण? मांस आतून येतं, ते प्रभू देतो. आपलं काम फक्त आड यायचं नाही."

एकोणीस वर्षांत हे मला कळलं नव्हतं. मी समजत होतो माझ्या हाताला गुण आहे.

७ एप्रिल, सोमवार

वि.ची मुदत आज संपत होती. मी सरळ विचारलं, काय करणार आहेस? तो म्हणाला, "पाहतो." त्यालाही भीती आहे. मी ठाण्यात गेलो तर फिलोच्या कानाची गोष्ट निघेल, लाथेची निघेल. आम्ही दोघं एकमेकांचे गळे धरून बसलोय, सोडायचं कोणी आधी एवढंच.

सलाईन ओततो आता. माळ मात्र जमत नाही. त्या ओळीशी येतो आणि थांबतो, मग नुसताच बसून राहतो, तितका वेळ.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

सिस्टरांनी पवित्र गुरुवारची यादी लावली, येशूनं शिष्यांचे धुतले तसे फादर ज्यांचे पाय धुणार त्या बाराजणांची. सहावं नाव माझं. दरवर्षी असतं. वर्षभर दुसऱ्यांचे पाय धुतो म्हणून मान.

खोडून टाका म्हणालो. सिस्टर म्हणाल्या, "पेन्सिल नाही माझ्याकडे."

१६ एप्रिल, बुधवार

पापस्वीकार केला. गुडघे टेकले आणि सगळं एकदम आलं, कुऱ्हाड, गॉज, फिलोला जा म्हणालो ते. शेवटचं सांगताना रडलो. पश्चात्ताप तिथून सुरू झाला, घावापासून नाही. घावाचा अजूनही पुरता होत नाही, तेही सांगितलं.

फादर म्हणाले, "जेवढा आहे तेवढा दे. बाकीचा माग."

"ठाण्यात जाऊ का?"

"माफीला ती अट नाही. मी घालूही शकत नाही. पण तुझ्या भीतीची किंमत फिलो भरतेय, हे तूच आत्ता सांगितलंस."

बाहेर आलो. ऊन मी म्हणत होतं. पाय हलके झाले वगैरे काही नाही. भीती तशीच. फक्त काय करायचं ते ठरलं.

१७ एप्रिल, पवित्र गुरुवार

सकाळी खाट नंबर तीन. सलाईन ओतलं. जमिनीवर बसलो, सिस्टर बसल्या तसा. टाच हातात घेतली. जड असतो माणसाचा पाय. परातीत धरला होता तेव्हा जाणवलं नव्हतं.

माळ सुरू केली. त्या ओळीशी आलो. माफ केलं असं वाटलं नाही. 'मला येत नाही, तू कर' एवढं म्हटलं आणि ओळ म्हणून टाकली, लहान मूल पाठ केलेलं म्हणतं तशी. पुढं गेलो. पाचही रहस्यं झाली.

गॉज सुटून आला. तळाशी लाल दाणे. बारीक, ओले, डाळिंबी. नवं मांस.

वि. म्हणाला, "आज नाई दुखलं."

मी नवा गॉज ठेवत सांगितलं, "फिलो येणार नाही. तुझ्या घरी कधीच नाही. आणि सोमवारी मी ठाण्यात जाऊन सांगणार आहे, पायावर कुऱ्हाड मी घातली म्हणून."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. शेजारचा स्टीलचा ट्रे उचलून माझ्या तोंडावर हाणला. कात्री, चिमटे सगळीकडं. ओठ फाटला, खालचा दात हलला. "माही बायको! माही बायको हाये ते!" दुसऱ्यांदा हाणला, कपाळावर. तिसऱ्यांदा मी ट्रे धरला.

उजवी मूठ वळली होती माझी. खांबावर सोललेली कातडी ताणली गेली, तेव्हा कळलं वळलीय ते. त्याचा गळा वीतभर अंतरावर. उशीवर. एका पायानं अधू माणूस. मला दोन मिनिटं लागली नसती.

मोठ्यानं नाव घेतलं येशूचं. प्रार्थना नव्हती ती, बुडणारा माणूस ओरडतो तसं. मूठ उघडली. कशी ते माहीत नाही. मी उघडली नाही, एवढं नक्की.

पट्टी अर्धी राहिली होती. माझं रक्त त्याच्या चादरीवर टपकत होतं, ती पुरी केली. गाठ बाजूला घेतली, टोचू नये म्हणून.

संध्याकाळी बाराजणांत बसलो. ओठ फुगलेला, कपाळाला टाके. लोक बघत होते. फादर सहाव्या खुर्चीशी आले, माझ्या पायावर पाणी ओतलं, पुसलं. मागच्या बाकावर फिलो.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

उपवास. तसाही चावता येत नाही.

क्रुसाच्या वाटेची प्रार्थना झाली. घरी येताना फिलोनं विचारलं, "त्यानं मारलं तवा तूनं काय केलं?"

"पट्टी बांधली."

"काहून? हात बांधून ठेवले व्हते?"

"नाही."

बरंच चाललो. बोरीच्या झाडापाशी थांबली. "सोमवारी मी बी येऊन राह्यली ठान्यात. तुह्यासाठी नाही. माह्या कानासाठी. अन् जे गेलं पोटातलं त्याच्यासाठी. मी सगळं सांगनार, तुहं बी."

"सांग."

"मले तुहा राग हाये अजून, दादा."

"असू दे."

२० एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

ख्रिस्तप्रसाद घेतला. फाटक्या ओठाला झोंबला.

फिलोनं खीर केली. एक वाटी खाट नंबर तीनला पाठवली नाही. मीही म्हटलं नाही. शुगर आहे हे कारण बरं सापडलं दोघांना.

ड्रेसिंगच्या वेळी वि. भिंतीकडं तोंड करून होता. माळ संपली तेव्हा भिंतीलाच म्हणाला, "खरंच जातं काय उद्या?"

हो म्हणालो.

"मंग ह्या पायाचं कोन करन?"

२१ एप्रिल, सोमवार

सकाळची पांढरकवड्याची एसटी साडेनऊला. फिलो तयार आहे, नवी चप्पल घातलीय, दाराशी उभी. माझ्या पिशवीत एक शर्ट, माळ, टॉवेल. आज परत येईन की नाही, माहीत नाही. आल्यावर सिस्टर कामावर ठेवतील की नाही, तेही विचारलं नाही. भीती आहे. आहे म्हणून लिहितो.

सिस्टरांसाठी चिठ्ठी लिहिली, ड्रेसिंगच्या ट्रेवर ठेवली. ती इथं उतरवून ठेवतो:

विल्सन. खाट ३. उजवा पाय. गाठ आतल्या बाजूला घ्यावी. करंगळीच्या जागी अजून खोल आहे, तिथं हळू. आधी सलाईन. गॉज ओढू नये. माळ पूर्ण होईपर्यंत टाच हातात धरावी, त्याला बरं वाटतं.